बिनपंख्याच्या संगणकाची उष्णता जाते कुठे?

जून 2019 मध्ये रास्पबेरी पाय 4 बाजारात आला. हा 85 मिलिमीटर लांब आणि 56 मिलिमीटर रुंद अशा एकाच बोर्डावर मावणारा पूर्ण संगणक. थोड्याच दिवसांत त्याच्याबद्दल तक्रार ऐकू येऊ लागली, की हा फार तापतो. तक्रार खरी होती. चारही कोअर एकदम कामाला लावले, की उघड्या बोर्डावरची चिप काही मिनिटांत 80 अंश सेल्सिअस गाठायची आणि तिथे पोहोचल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करायची. मग त्याच्यासाठी छोट्या पंख्यांची आणि पंखेवाल्या केसेसची बाजारपेठ उभी राहिली. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच कंपनीने पाय 400 काढला. हा संगणक कीबोर्डच्या पोटात बसवलेला. चिप त्याच घराण्यातली, वेग 1.5 गिगाहर्ट्झवरून 1.8 गिगाहर्ट्झवर नेलेला, बाहेरून प्लास्टिकची खोळ आणि आत पंखा नाही. या हिशोबाने तो आधीच्यापेक्षा जास्त तापायला हवा होता. प्रत्यक्षात तो भरपूर काम देऊनही वेग न सोडता चालत राहतो. उघडून पाहिलं तर कारण लगेच दिसतं. चिपच्या डोक्यावर मऊ पॅड, आणि पॅडवर कीबोर्डच्या आत दूरवर पसरलेला धातूचा जाड पत्रा. हलणारा भाग एकही नाही.

या दोन यंत्रांमधला फरक नीट समजून घेतला, तर पंख्याशिवाय थंड ठेवण्याचं जवळजवळ सगळं शास्त्र हाताला लागतं. माझं म्हणणं असं, की पाच-सात वॅटच्या संगणकाला थंड ठेवणं हे मुख्यतः उष्णता पसरवण्याचं काम आहे. ते नीट केलं तर पंखा लागत नाही, आणि चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात तो नसलेलाच बरा. हे विधान सरसकट नाही. ते कुठे थांबतं तेही पुढे येईलच.

आधी आकडे पाहू. संगणकाची चिप जेवढी वीज खाते, तेवढी सगळी शेवटी उष्णतेत बदलते. पाय 4 पूर्ण ताणावर साधारण 7 वॅट घेतो, म्हणजे घरातल्या 9 वॅटच्या एलईडी बल्बपेक्षाही कमी. यातले समजा 5 वॅट एकट्या मुख्य चिपमधून निघतात. ही चिप साधारण 15 मिलिमीटर लांबी-रुंदीची, म्हणजे तिचा माथा सव्वादोन चौरस सेंटिमीटर. आता स्थिर हवा किती उष्णता नेऊ शकते ते पाहा. एक चौरस मीटर पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा एक अंशाने गरम असेल, तर त्याच्यावरून आपोआप वर चढणारी हवा आणि त्यातून बाहेर पडणारं प्रारण मिळून ढोबळ मानाने 10 वॅट नेतात. हाच दर सव्वादोन चौरस सेंटिमीटरला लावला तर 5 वॅट घालवायला चिपचा माथा खोलीपेक्षा दोन हजार अंशांहून जास्त तापावा लागेल. तसं होत नाही, कारण चिपखालच्या बोर्डात तांब्याचे थर असतात आणि ते उष्णता मुकाट्याने आजूबाजूला वाहून नेतात. संपूर्ण बोर्डाच्या दोन्ही बाजू धरल्या तर पृष्ठभाग 95 चौरस सेंटिमीटर होतो. त्यावर 7 वॅट सोडले तर बोर्ड खोलीपेक्षा 70 अंशांच्या आसपास वर जातो. पंचवीस-तीस अंशांच्या खोलीत हा आकडा चिपच्या 80 अंशांच्या मर्यादेपलीकडेच पडतो. नेमकी हीच तक्रार 2019 मध्ये लोक करत होते. हिशोब कागदावर मांडून ती आधीच सांगता आली असती.

बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यात बाष्पीभवनाचाही हात असतो, पण मुख्य गोष्ट पसरण्याचीच. चिपची उष्णताही अशीच पसरावी लागते, फक्त ती धातूतून. ॲल्युमिनियम हवेपेक्षा काही हजार पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे, तांबं ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट. म्हणून चिपपासून लांबच्या टोकापर्यंत उष्णता नेण्याचं काम धातूने करायचं आणि हवेला फक्त शेवटचं पाऊल ठेवायचं. साडेनऊ सेंटिमीटर लांब, साडेसहा रुंद आणि तीन उंच अशी साधी ॲल्युमिनियमची पेटी घेतली, तर तिचा पृष्ठभाग 220 चौरस सेंटिमीटर भरतो. वरच्याच दराने 7 वॅटला ती खोलीपेक्षा 32 अंशांनी तापेल. बाहेरून खाचा पाडलेल्या असतील तर त्याहून कमी. उघड्या बोर्डाचे 70 आणि या पेटीचे 32 यांतलं अंतर एका रुपयाचीही वीज न खर्चता मिळालेलं आहे. मात्र अट एकच. चिपचा माथा पेटीच्या धातूला टेकलेला हवा. आत पोकळी असेल तर धातूची पेटी आणि प्लास्टिकचा डबा यांच्यात फारसा फरक राहत नाही. प्लास्टिक उष्णता अडवतं असं लोक म्हणतात, पण दोन मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकचा अडथळा त्याच्या आतल्या कोंडलेल्या हवेच्या मानाने क्षुल्लक असतो. खरी अडचण चिप आणि भिंत यांच्यामधल्या हवेची आहे.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. चिप आणि धातू यांच्यामध्ये जो मऊ पॅड बसवतात, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. पेटी चारशेची, आठशेची, हजाराची, आणि पॅड मात्र पाकिटात जो येईल तो. त्याचा हिशोब सोपा आहे: जाडी जितकी कमी आणि वाहकता जितकी जास्त तितका अडथळा कमी. एक मिलिमीटर जाडीचा, 3 वॅट प्रतिमीटर प्रतिअंश वाहकतेचा चांगला पॅड चिपच्या माथ्यावर ठेवला तर 5 वॅटला तो साडेसात अंश खातो, म्हणजे पॅडच्या खाली आणि वर एवढा फरक पडतो. त्याच जागी दोन मिलिमीटर जाडीचा, 1 वॅट वाहकतेचा स्वस्त पॅड आला, की हाच फरक 44 अंशांवर जातो. पेटी तीच, चिप तीच, खोली तीच. पहिल्या माणसाला वाटतं पेटी उत्तम आहे, दुसऱ्याला वाटतं पंख्याशिवाय काही खरं नाही. स्क्रू पुरेसे आवळलेले नसणं, पॅडवरची पारदर्शक फीत काढायची राहून जाणं, दोन पॅड एकावर एक लावणं, असले किरकोळ वाटणारे प्रकार याच जागी येऊन नडतात. बिनपंख्याच्या केसबद्दल तक्रार करण्याआधी तिचे चार स्क्रू सोडवून पॅडवर चिपचा चौकोनी ठसा उमटलाय का, ते बघावं. ठसा अर्धवट असेल तर दोष पेटीचा नाही.

चिपवर चिकटवायचे ते इवलेसे पातेदार ॲल्युमिनियमचे तुकडे, म्हणजे बाजारातले छोटे हीटसिंक, यांच्याबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. दाट, पातळ पात्यांचा हीटसिंक दिसायला कर्तबगार असतो, पण तो मुळात पंख्याच्या झोतासाठी केलेला असतो. झोत असेल तर पात्यांमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट पुरते. झोत नसेल तर गरम हवा स्वतःच्या हलकेपणाने वर चढणार, आणि तिची चाल इतकी मंद की अरुंद फटीत ती पात्यांना चिकटूनच राहते. पंख्याविना काम करायचं तर पात्यांमध्ये सहा ते दहा मिलिमीटरचं अंतर लागतं आणि पाती उभी लागतात. म्हणूनच चांगल्या बिनपंख्याच्या पेट्या ओबडधोबड दिसतात: जाड पाती, मोठ्या खाचा, हातात घेतली तर वजनदार. दिशेचंही तसंच आहे. पाय 4 च्या उष्णतेची तपासणी झाली तेव्हा बोर्ड आडवा न ठेवता उभा केला तर तो हळू तापतो, हे दिसून आलं. टेबलावर पालथी पसरलेली पेटी आपला तळ गमावून बसते. तीच भिंतीला उभी टांगली तर दोन्ही बाजूंनी हवा वर सरकत राहते. ॲपलने 2000 साली काढलेला पॉवर मॅक जी4 क्यूब हा याच तत्त्वावर उभा होता. मधोमध आरपार उभी पोकळी, खालून थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर, पंखा नाही. त्याची विक्री फारशी झाली नाही आणि 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, पण ते किंमत आणि ग्राहक यांच्या हिशोबामुळे. पोकळी आपलं काम करत होती. वर कागद ठेवले तर ती बुजायची, हे मात्र खरं.

प्रारणाचा वाटा तर बहुतेक लोक धरतच नाहीत. प्रत्येक गरम वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते, आणि पंखा नसताना हा वाटा हवेच्या वाट्याइतका मोठा असू शकतो. पण घासून चकचकीत केलेलं कोरं ॲल्युमिनियम या बाबतीत अगदी कंजूष. ते आदर्श पृष्ठभागाच्या जेमतेम पाच-दहा टक्के प्रारण करतं. त्याच पत्र्यावर ॲनोडायझिंग केलं किंवा साधा रंग दिला, तर हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर जातं. काळाच रंग हवा, हा मात्र गैरसमज. 50-60 अंशांच्या वस्तूतून निघणारे किरण डोळ्यांना न दिसणारे असतात आणि त्या पट्ट्यात पांढरा रंगही काळ्याइतकाच गडद असतो. उन्हात ठेवणार असाल तर पांढरा उलट अधिक चांगला, कारण सूर्यप्रकाश परतवून लावतो. तेव्हा चंदेरी चकचकीत केस पाहून भुलू नये. ती छायाचित्रात शोभते आणि खोलीत तापते.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप आपल्या उन्हाळ्याचा. कंपनीच्या गावी, ब्रिटनमधल्या केंब्रिजमध्ये, केलेले हिशोब नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कसे टिकतील? पंखा नसलेल्या यंत्राचं तापमान भोवतालच्या हवेवर चढतं, आणि भोवताल 45 अंशांचा असेल तर 32 अंशांची भर घातल्यावर पेटीच 77 वर जाते; पॅडचे साडेसात वेगळे. म्हणजे सतत पूर्ण ताणावर चालणारा पाय 4 विदर्भात उन्हाळ्याच्या दुपारी बिनकुलरच्या खोलीत वेग कमी करणारच. हे मान्य. पण पंखासुद्धा हवेपेक्षा थंड काही आणू शकत नाही. तो 45 अंशांचीच हवा चिपवर मारतो, फक्त जास्त जोराने. मुळात कंपनीने पाय 4 भोवतालच्या 50 अंशांपर्यंतच चालवावा असं सांगितलं आहे, आणि ती मर्यादा पंख्याने वाढत नाही. शिवाय अशी यंत्रं दिवसभर पूर्ण ताणावर असतात तरी कुठे? घरातल्या फायली सांभाळणं, जाहिराती गाळणं, हवामानाच्या नोंदी ठेवणं, पाण्याच्या टाकीचा पंप चालू-बंद करणं, या कामांत चिप बहुतेक वेळ रिकामीच बसते आणि बोर्ड दोन-तीन वॅटवर असतो. तीन वॅटला तीच पेटी फक्त चौदा अंश वर जाते. 45 अधिक 14 म्हणजे 59, वर पॅडचे दोन-चार. चिपच्या दृष्टीने ही आरामाची स्थिती आहे.

दुसरा आक्षेप: 70 अंशांवर सतत चाललं तर यंत्र लवकर मरेल. माणसाला 70 अंश भाजतात म्हणून सिलिकॉनलाही भाजत असतील, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ही चिप 85 अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेली आहे. उष्णतेने आयुष्य घटतं हे खरं, आणि दहा अंश कमी झाले तर द्रवाचे कपॅसिटर साधारण दुप्पट टिकतात हा ठोकताळा अभियंते वापरतात. पण मग त्याच न्यायाने पंख्याचंही आयुष्य मोजायला हवं. तीस-चाळीस मिलिमीटरच्या स्वस्त पंख्याचं बेअरिंग हाच संपूर्ण यंत्रातला घासून झिजणारा एकमेव भाग. आपल्याकडे त्यात धूळ भरते, कोकणात आणि मुंबईत खारी दमट हवा त्याच पंख्यामुळे बोर्डावर सतत खेचली जाते, आणि पाती गुंडाळलेल्या केसांनी व धुळीने बुजतात. पंखा थांबला तर तो गाजावाजा न करता थांबतो, आणि पंख्याच्या भरवशावर केलेली छोटी केस मग साध्या उघड्या बोर्डाहूनही वाईट ठरते. पंखा दोनशे रुपयांत बदलता येतो, हे उत्तर टेबलावरच्या यंत्रासाठी ठीक आहे. शेतातल्या खांबावर किंवा शाळेच्या छताजवळ बसवलेल्या यंत्राचा पंखा बदलायला शिडी लागते, माणूस लागतो, आणि मुळात तो बंद पडलाय हे कुणाला तरी कळावं लागतं.

तिसरा आक्षेप जास्त नेमका आहे. पाय 4 ठीक, पण ऑक्टोबर 2023 पासून मिळू लागलेला पाय 5 शिखरावर 12 वॅटच्या आसपास घेतो, आणि कंपनीच त्याच्यासाठी पंखेवाला कूलर विकते. इथे मी अर्धी माघार घेतो. व्हिडिओचं रूपांतर, भाषेची मॉडेलं चालवणं, तासभर चालणारी कंपाइलेशनची कामं, यांसाठी पाय 5 घेतला असेल तर पंखा लावावा. कंपनीचा कूलर चिप 50 अंशांच्या खाली असेपर्यंत गप्पच राहतो, तेव्हा आवाजाची कटकटही कमी. पण त्याच पाय 5 च्या आधारावर डिसेंबर 2024 मध्ये पाय 500 आला, कीबोर्डमध्ये, पुन्हा मोठ्या पत्र्यासह आणि पुन्हा पंख्याशिवाय. आणि पत्र्याइतकाच प्रभावी दुसरा उपाय फुकटचा आहे: वेग थोडा उतरवणं. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग कमी केला की व्होल्टेजही थोडं खाली आणता येतं. दोन्ही पाऊण केले तर वीज निम्म्याच्या खाली येते. प्रत्यक्षात व्होल्टेज तेवढं उतरत नाही, तरी पंचवीस टक्के वेग सोडून त्याहून बरीच जास्त उष्णता वाचते. तापलेली चिप गळतीनेही जास्त वीज खाते, तेव्हा थंड ठेवलेली चिप दुहेरी बचत करते. 2019 ची तक्रारसुद्धा पुढच्या काही महिन्यांत बरीचशी फर्मवेअरनेच शमवली. बोर्डाची वीज जवळपास वॅटभर खाली आली, कुणी काही विकत न घेता.

कमी विजेचा हा धागा जुना आहे. 26 एप्रिल 1985 रोजी याच केंब्रिजमध्ये एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची पहिली एआरएम चिप कारखान्यातून आली. महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात ती टाकायची होती, आणि त्यासाठी वीज एका वॅटच्या खाली ठेवणं भाग होतं. फर्बर यांनी चिपकडे जाणारा विजेचा प्रवाह मोजायला घेतला तेव्हा मीटर शून्य दाखवत होता. बोर्डावर दोष होता, चिपला मुख्य पुरवठाच जोडलेला नव्हता, आणि ती बाकीच्या पिनांमधून झिरपणाऱ्या विजेवर चालली होती. आज पायच्या बोर्डावर जी चिप बसते, ती याच घराण्याची. वेष्टनाचे चार पैसे वाचवण्यासाठी धरलेली शिस्त आज बिनपंख्याच्या संगणकाला उपयोगी पडते आहे.

धातूच्या पेटीत वाय-फाय अडतं, हा चौथा आक्षेप खरा आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अँटेना बोर्डाच्या कोपऱ्यात असतो. त्या कोपऱ्याला खिडकी ठेवलेली केस घ्यावी किंवा सरळ केबल जोडावी.

पेटी विकत घेण्याआधी किंवा लावल्यावर तिची पारख करायची तर पाच मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये. दोनशे ग्रॅम ॲल्युमिनियमला एक अंश वर न्यायला 7 वॅटला जवळपास 26 सेकंद लागतात, आणि ती पेटी आपल्या अंतिम तापमानाच्या दोनतृतीयांश वाटेवर पोहोचायलाच सुमारे पंधरा मिनिटं जातात. त्याआधी मोजलेला आकडा पेटीच्या वजनाबद्दल सांगतो, तिच्या थंडाव्याबद्दल नाही. ॲपलच्या 2020 च्या मॅकबुक एअर आणि मॅकबुक प्रो या जोडीत हे ठळक दिसलं. एम1 चिप दोन्हीत एकच, पंखा फक्त प्रोमध्ये. थोड्या मिनिटांच्या कामात दोघे बरोबरीने धावले. काम लांबलं तेव्हा एअर हळूहळू मागे पडला. तेव्हा अर्धा-पाऊण तास पूर्ण ताण द्या, चिपचं तापमान टिपा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. हा उरलेला फरक ऋतू बदलला तरी फारसा बदलत नाही. डिसेंबरात पुण्याच्या 22 अंशांच्या खोलीत चिप 58 वर स्थिरावली तर फरक 36 चा, आणि मे महिन्यात खोली 38 वर गेली की चिप 74 वर असेल. खोली म्हणजे मात्र पेटीभोवतीची हवा. राउटरच्या डोक्यावर, इन्व्हर्टरच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागच्या बंद खणात ठेवलेल्या यंत्राची खोली ही त्या खणाएवढीच. बेरीज 75 च्या आत येत असेल तर पंखा लावू नका. वर जात असेल तर आधी पॅड तपासा, मग पेटी उभी करा, मग वेग उतरवा. एवढं करूनही आकडा खाली आला नाही तरच पंख्यावर पैसे घाला.